बारावा अर्ज

एप्रिल लागला की स्टाफरूममधल्या माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. सुतळीने आवळलेले, कडांना धूळ लागलेले. पंखा इतका हळू फिरतो की त्याची पाती मोजता येतात, तरी सुटे कागद उडतातच. मग कोणी गठ्ठ्यावर डबा ठेवतं, कोणी पाण्याची बाटली. लाल पेनाची शाई बोटांना लागते. बाहेर गुलमोहर पेटलेला असतो आणि रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जात असतात, त्यांच्या धक्क्याने खिडकीची काच बारीक थरथरते. तिसऱ्या वर्षाचा राज्यशास्त्राचा पेपर. चौथा प्रश्न दर वर्षी थोडाफार तोच असतो: हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे देश कसे जातात, ते सोदाहरण स्पष्ट करा.

मुलं स्पष्ट करतात. स्पेन लिहितात, चिली लिहितात, पोलंड आणि दक्षिण आफ्रिका लिहितात. पोर्तुगालच्या सैनिकांच्या बंदुकीतली फुलं कोणी विसरत नाही, कारण ती मी वर्गात फार रंगवून सांगतो. आणि शेवटी, बहुतेक प्रत्येक वहीत, ते एक वाक्य येतं: समजुतीने झालेले संक्रमण रक्तहीन असते, म्हणून ते अधिक टिकाऊ ठरते.

वाक्य माझं आहे. नोकरीला लागलो तेव्हा काढलेल्या नोट्समधलं. त्या नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स होत होत अक्षरं पुसट झाली, पण वाक्य टिकलं. पूर्वी ते वाचताना मला बरं वाटायचं. गेली सात वर्षं ते आलं की माझा पेन थांबतो. उत्तर बरोबर आहे, गुण द्यायला हवेत, मी देतो. एका दुपारी असे चाळीस वेळा गुण देतो आणि मग उठून तोंडावर पाणी मारून येतो.

या वर्षी अशाच एका दुपारी घरी गेलो तर सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली होती. कमिटीची निवडणूक. पाच वर्षांनी व्हायची ती. मधे महामारी आली, मुदत वाढली, मग ती वाढतच राहिली आणि पाचाची सात वर्षं कधी झाली ते कोणाला कळलं नाही. मुदतवाढ हा प्रकारही मी वर्गात शिकवतो. नोटिशीसमोर उभा असताना तळोज्याकडचा वारा फिरला आणि कारखान्यांचा तो आंबूस, जिभेवर बसणारा वास आला. हाच वास, हेच ऊन, हाच महिना. मला त्या एप्रिलमध्ये पुन्हा जावंसं वाटत नव्हतं. पण ऋतू विचारून येत नाहीत.

नावड्याच्या वसाहतीत आमची सोसायटी आहे. चार विंग, चार मजले, लिफ्ट नाही. जमिनीखाली एक मोठी टाकी, तिच्याशेजारी पंपाची खोली, खोलीला लागून ऑफिस. पंपातून निघालेली लाइन आधी ए विंगला जाते, मग बी, मग सी आणि उरलंसुरलं डी. कोणत्या विंगचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा हे चेअरमन ठरवायचे. आमच्या ए विंगला सकाळ-संध्याकाळ तासभर पाणी. डी विंगला दुपारी साडेबारानंतर पंचवीस मिनिटं, तेही चौथ्या मजल्यावर चढायचं नाही. नळ आधी घुरघुरायचा, खोकल्यासारखा आवाज करायचा, दोन थेंब टाकायचा आणि गप्प व्हायचा. मग माणसं खाली टाकीजवळच्या नळावरून बादल्या भरून वर न्यायची. डी विंगचा जिना एप्रिल-मेमध्ये कायम ओला असायचा. प्रत्येक दारापुढे निळे ड्रम.

डी विंगमध्ये बहुतेक परभणी, जालना, चिपळूणकडून आलेली बौद्ध कुटुंबं. शेवटच्या विंगला पाणी कमी पडणं आणि त्या विंगमध्ये ही माणसं असणं, हा योगायोग आहे, असं आम्ही ए विंगमध्ये म्हणायचो. म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा.

चेअरमन बाळारामशेठ. जवळच्या गावातले मूळचे शेतकरी. ज्या जमिनीवर वसाहत उभी राहिली त्यातली काही त्यांच्या आजोबांची. त्यांना वाईट माणूस म्हणणं मला जमणार नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा इथे पाण्याची लाइनच नव्हती. शेठ स्वतःच्या ट्रॅक्टरला टँकर जोडून आणायचे. माझी बायको अवघडलेली होती, पहाटे कळा सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्याच जीपमधून आम्ही पनवेलला पोचलो. मुलगी थोडक्यात जीपमध्येच जन्मायची राहिली. अशा माणसाला आम्ही चेअरमन केलं, मग पुन्हा केलं, आणि मग करायचं कामच उरलं नाही, ते होतेच. सत्ता नेहमी रणगाड्यावर बसून येत नाही, हे मी मुलांना सांगतो. ती टँकर घेऊनही येते, आणि आपण हंडे घेऊन तिच्यामागे रांगेत उभे राहतो, हे मात्र सांगत नाही.

सोळा वर्षं आमची निवडणूक बिनविरोध होत होती. याचा आम्हाला केवढा अभिमान! कमिटीच्या अकरा जागा, शेठनी सुचवलेली अकरा नावं, अकरा अर्ज. मतपेटी लागायची नाही. निवडणूक अधिकारी यायचे, सरबत प्यायचे, निकाल जाहीर करून जायचे. पेढे आदल्या दिवशीच आणलेले असायचे. आजूबाजूच्या सोसायट्यांना आम्ही मोठेपणाने सांगायचो, आमच्याकडे भांडणं नाहीत. गावागावांत हीच रीत आहे. निवडणूक झाली म्हणजे काहीतरी बिघडलं, आणि ती टळली म्हणजे एकोपा. जगात लोक मत देता यावं म्हणून तुरुंगात गेले, आणि आम्ही मत द्यावं लागलं नाही म्हणून पेढे वाटत होतो.

त्या एप्रिलमध्ये बारावा अर्ज आला. वंदनाताईंचा. डी विंग, चौथा मजला. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात त्या कागदपत्रांच्या क्लार्क. सकाळी सातला कंपनीची बस. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, पाच-पाच दिवस बाहेर. घरी दुपारी एकटे सासरे असायचे, अप्पा. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी गाठलेले, गुडघ्यांनी जेरीला आलेले. साडेबाराच्या पंचवीस मिनिटांत चार मजले चढउतार करून घरचं पाणी भरायचे ते. एकेका मजल्यावर बादली टेकवून थांबायचे. पांढरा सदरा घालून पाणी भरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वंदनाताईंना बाकी काही नको होतं. अप्पांनी बादली उचलू नये, एवढ्यासाठी त्यांनी अर्ज भरला होता.

शेठनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते ताडगोळे सोलत बसले होते.

"या सर, या. ताडगोले खा. आमच्या वावरातलं नाय हां, वावर रायलंय कुठं? इकत आनलंत."

मी एक घेतला. थंडगार, गुळगुळीत, तोंडात टाकताच आत पाणी फुटलं.

"सर, अकरा जागा, अकरा फॉर्म. सगला बेस चाललेला. आन ही बाई बारावा टाकते."

"त्यांचा हक्क आहे, शेठ."

"हक हाय ना! मी कुठं नाय बोलतो? पन बाजूच्या सोसायटीत पेटी लावली, तवापासून गनपतीला दोन मंडप हायेत. दोन आरत्या, दोन डीजे. तुमाला पायजेल का दोन डीजे?"

मला हसू आलं. दोन डीजे मला नको होते.

"त्यांचं पाण्याचं आहे," मी म्हणालो. "सकाळी अर्धा तास डी विंगला द्या. कमिटीत त्यांचं एक माणूस घ्या. मी बोलतो त्यांच्याशी. विषय मिटेल."

शेठनी दुसरा ताडगोळा सोलला. अंगठ्यावरून पाणी ओघळू दिलं. म्हणाले, "बगू."

"बघू म्हणजे?"

"बगू म्हंजे बगू, सर. तुमी बोल्लात, मी आयकलं."

ऑफिसपासून डी विंगचा जिना साठ-सत्तर पावलांवर आहे. ऊन कलतं होतं, संध्याकाळचे सहा वाजले असतील. मधल्या मोकळ्या जागेत मुलांनी विटा रचून स्टंप केले होते. ती साठ-सत्तर पावलं मला आजही एकेक आठवतात. कारण तेवढ्या अंतरात मी "बगू"चा "शब्द" करून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. शेठनी डोळा मारला नव्हता. मला त्या जिन्यावर हात हलवत जायचं नव्हतं, एवढंच. मला काहीतरी घेऊन जायचं होतं. दोन बाजूंमध्ये समजूत घडवणारा माणूस म्हणून मी स्वतःला चालताना बघत होतो, आणि तो माणूस मला फार आवडत होता.

वंदनाताई नुकत्याच आल्या होत्या, खांद्याची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. अप्पा दाराशी ड्रमला टेकून बसले होते.

"ताई, शेठनी शब्द दिलाय," मी म्हणालो. "सकाळी अर्धा तास पाणी, आणि नंतर कमिटीत स्वीकृत म्हणून डी विंगचं माणूस. बहुतेक तुम्हीच."

"शब्द दिला? स्वतःच्या तोंडाने?"

"माझ्यासमोर."

"मग लिहून देतील?"

"लिहून मागितलं की माणूस बिथरतो. इतक्या वर्षांची सवय आहे त्यांना. हे हळूहळू होतं, ताई. जगात सगळीकडे हळूहळूच झालंय."

आणि मी त्यांना स्पेन सांगितला. अकरा तास काम करून आलेल्या, अजून चपलाही न काढलेल्या बाईला मी स्पेन सांगितला. हुकूमशहा गेल्यावर जुन्या सभागृहातल्या माणसांनीच हात वर करून आपलं सभागृह कसं संपवलं, मागचं उकरायचं नाही असं सगळ्यांनी कसं ठरवलं, त्यामुळे पुन्हा यादवी कशी झाली नाही. अप्पा मन लावून ऐकत होते.

"सर," ते म्हणाले, "मंग त्या देशात पान्याचं काय केलं?"

समोरच्या दारातले शेजारी हसले. मीही हसलो. केवढा मोठा प्रश्न होता तो! मी त्याच्यावर हसलो.

वंदनाताई हसल्या नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तेव्हा अप्पाच म्हणाले, "पोरी, सर म्हनायलेत तर खरं असंल. मास्तर मानूस खोटं कशाला बोलंल?"

माघारीचा अर्ज मीच लिहिला. वहीचा कागद, माझं वळणदार अक्षर. "मी खाली सही करणार, माझा उमेदवारी अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे." पेन त्या शब्दावर ठेवून ताईंनी विचारलं, "स्वखुशीने लिहावंच लागतं का?"

"तसा फॉरमॅट आहे," मी म्हणालो.

असा काही फॉरमॅट नव्हता. वाक्य नुसतं कोरडं वाटत होतं, म्हणून मी तो शब्द घातला होता. त्यांनी सही केली.

चार दिवसांनी जयंती होती. गेटपासून डी विंगपर्यंत निळ्या पताका, पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, लाउडस्पीकरवर गाणी. दर वर्षी अप्पा संविधानाची उद्देशिका पाठ म्हणायचे. कागद न बघता, डोळे मिटून. प्रमुख वक्ता मी. मी लोकशाहीवर पाऊण तास बोललो. बरं बोललो असणार, टाळ्या पडल्या. घसा कोरडा झाला तर डी विंगच्या बायकांनी लिंबाचं सरबत आणून दिलं. मी दोन ग्लास प्यालो. घरी येऊन पंख्याखाली बसलो तेव्हा कुठे डोक्यात आलं की ते पाणी चार मजले चढून वर गेलं होतं, त्याचं सरबत झालं होतं, आणि माझ्यासाठी पुन्हा चार मजले उतरून खाली आलं होतं. आजही लिंबू सरबत समोर आलं की मी काहीतरी कारण सांगून टाळतो.

पेढे वाटले गेले. याही खेपेला बिनविरोध. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "सर व्हते म्हनून झालं." माझ्या पाठीवर थाप पडली. ती थाप मला आवडली होती, हे लिहायला नको वाटतंय, पण आवडली होती.

पाणी साडेबारालाच येत राहिलं. ताई विचारायच्या, "सर, कधी?" मी म्हणायचो, "थोडा धीर धरा." मे उलटला, जून लागला, सर्वसाधारण सभा भरली. मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या, लोक अजेंड्याच्या कागदाने वारा घेत बसलेले. वंदनाताई उठल्या.

"शेठ, तुम्ही शब्द दिला होता. सकाळी अर्धा तास."

शेठनी भुवया उंचावल्या. "कंचा शबद? कवा?"

"सरांसमोर."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. दोघांच्याही नजरेत सारखाच भाव होता. सर खरं काय ते सांगतील, असा. आणि दोघंही खरं बोलत होते. शंभर-सव्वाशे माणसांमध्ये खोटा मी एकटाच होतो.

"मला वाटतं," मी म्हणालो, "थोडा गैरसमज झाला असावा."

"कोणाचा?" ताईंनी विचारलं.

"दोन्हीकडून."

मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, पाण्यासाठी काय पण पुड्या सोडाल काय?" हशा झाला. ताई बसल्या नाहीत. खुर्ची नीट मागे सरकवून निघून गेल्या. त्या दिवसापासून सोसायटीत त्यांचं नाव "शब्दवाली" पडलं. "शब्दवाली चालली बघ कामाला." मी ते कितीदा ऐकलं असेल, आणि दर वेळी चालीचा वेग वाढवला असेल.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गावी गेले. गेटपाशी रिक्षा उभी होती, पायाशी पत्र्याची पेटी.

"कुठे निघालात, अप्पा?"

"गावाकडं. तिथं दारापुढं हापसा हाय. चार मजले न्हाईत." ते हसत होते. माणसं मराठवाड्यातून पाण्यासाठी इकडे येतात. अप्पा पाण्यासाठी परभणीला परत चालले होते. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, तुमालाबी फसवलं त्या शेठनं. वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हणालो, "सांभाळून जा."

तेवढंच म्हणालो. त्या वेळी रिक्षाचं इंजिन चालू व्हायचं होतं, रस्ता मोकळा होता, सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

त्यानंतर मी पुस्तकं वेगळी वाचायला लागलो. कुठल्याही देशाचं संक्रमण घ्या, त्यात कडवे असतात, मवाळ असतात, रस्त्यावरचे असतात आणि राजवाड्यातले असतात. पोलंडमध्ये तर गोल टेबलच होतं, सगळ्यांना बसता येईल असं. पण दोन दारांच्या मधल्या जागेतून निरोप घेऊन जाणारा माणूस कुठल्याच प्रकरणात नाही. तो शिकलेला असतो, दोघांनाही विश्वासाचा वाटतो, आणि बहुधा त्याच्या घरी पाणी येत असतं. त्याने वाटेत काय वाढवलं आणि काय गाळलं, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. किती देशांत किती "बगू"चे "शब्द" झाले असतील, आणि पुढे ते मोडले म्हणून लोक एकमेकांना किती वर्षं खोटारडे म्हणत राहिले असतील?

मी समजुतीच्या विरुद्ध नाही. रक्त सांडण्यापेक्षा बोलणं केव्हाही बरं, हे मी अजून शिकवतो. पण चिलीत लोकांनी मतपेटीतून "नको" सांगितल्यावरही जुना सत्ताधीश पुढे कित्येक वर्षं लष्कराचा प्रमुख राहिला, हे आता मी जरा थांबून सांगतो. सत्ता सोडणारा एखादी गोष्ट हातात ठेवतोच. समजूत करणाऱ्यांनी ती कोणती हे विचारायला हवं, आणि ज्याला तिचा चटका बसतो त्यालाही टेबलाशी बसवायला हवं. दक्षिण आफ्रिकेत तर ज्यांनी अत्याचार केले त्यांना, ज्यांच्यावर केले त्यांच्यासमोर बसून बोलावं लागलं. हा भाग मी पाच गुणांच्या टिपेत उरकतो. तिथे वर्गात माझा आवाज अजून नीट निघत नाही.

आमच्या वॉचमनला मी एकदा हे थोडंसं सांगितलं होतं. तो नेपाळचा, पन्नाशीचा, व्हॉल्व्ह फिरवण्याचं काम त्याच्याकडे. म्हणाला, "साब, हमारे उधर तो राजा चला गया. पर गाँव में टंकी का चाबी जिसके पास था, अभी भी उसी के पास है." आणि विडी पेटवून हसला.

तर या एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज. या वेळीही बारा. बारावा वंदनाताईंचाच. शेठ आता थकलेत, साखर वाढलीय, काठी घेऊन चालतात, तरी ऑफिसची चावी कमरेलाच. मागच्या रविवारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला: "शब्दवालीला मत म्हणजे भांडणाला मत." वीस जणांनी अंगठे दाखवले. मी ग्रुपवर लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. पाठवायला गेलो तर खाली अक्षरं आली की आता फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच मग इतकी लाज वाटली, की त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "आपल्याला काय कमी आहे का पाण्याला? तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

काल संध्याकाळी डी विंगचा जिना चढलो. जिना ओला होता. तिसऱ्या मजल्यावर दम लागला. मी बावन्न वर्षांचा आहे आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

वंदनाताईंनी दार उघडलं. "या सर." खुर्ची पुढे केली, पण बसा म्हणाल्या नाहीत. केस पिकलेत त्यांचे. आत कुकर चढलेला होता.

"सूचक म्हणून माझी सही हवी असेल तर..." मी सुरुवात केली.

"ती मुदत गेली, सर. सूचक मिळाला मला."

"मग माझं मत..."

"द्या ना. मत गुप्त असतं. तुम्हाला सोपं जाईल."

त्या हे चिडून म्हणाल्या नाहीत. रुमालाला हात पुसत, साधं म्हणाल्या. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

"ताई, शेठनी शब्द दिलाच नव्हता. ते 'बगू' म्हणाले होते. शब्द मी दिला. त्यांच्या नावाने."

कुकरची शिट्टी झाली. त्यांनी आत जाऊन गॅस बारीक केला, परत आल्या.

"म्हणजे सात वर्षं मी त्या म्हाताऱ्याला खोटारडा म्हणतेय," त्या म्हणाल्या. "आणि तो मला."

"हो."

"अप्पांना माहितेय?"

"नाही."

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "पाणी वर चढलं तर पावसाळ्यानंतर त्यांना आणणार होते. फोनवर रोज विचारतात, निवडणुकीचं काय झालं." रुमाल खांद्यावर टाकला. "मला माफी वगैरे नको, सर. मी त्याचं काय करू? परवा सकाळी मतदान आहे. सुरू व्हायच्या आधी सांगाल? सगळ्यांसमोर? शेठ असतील तिथे."

"हो," मी म्हणालो, आणि निघालो.

दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरल्यावर लक्षात आलं की चौथ्या मजल्यावर समोरचं दार उघडं होतं. उंबऱ्यात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणून मी ते "हो" अगदी हलक्या आवाजात म्हणालो होतो. ताईंना ऐकू जाईल आणि त्यांना जाणार नाही, इतपत. ठरवून नव्हे, आवाज आपला आपण खाली आला होता. इतकी वर्षं येत आलाय तसा.

कठड्याला धरून दोन मजले पुन्हा चढलो. ताई दारातच होत्या.

"हो ताई," मी मोठ्याने म्हणालो. जिन्यात तो आवाज मला परक्यासारखा ऐकू आला. "सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"मला मघाशीच ऐकू आलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना नव्हतं आलं."

तांदूळ निवडणाऱ्या बाईंचा हात थांबला होता. "काय सांगणार आहात, सर?" त्यांनी विचारलं. शेजारचं एक दार उघडलं, मग आणखी एक. खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली टेकवली.

परवापर्यंत थांबण्यासारखं काही नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या सांगायला लागलो. पहिलं वाक्य अर्ध्यावरच आलं असेल, तोच खालून कोणीतरी ओरडलं,

"जरा मोठ्यानं बोला, सर! खाली ऐकू येत नाही."